लाकडाचे पाय

शैलावहिनी सोहनींनी पैठणीच्या निऱ्यांचा मधला घोळ मुठीत धरला, तो पुतळ्याच्या मागे न्यायला त्या वाकल्या, आणि त्यांचा हात खांबावर आपटला. कंबरेपासून खाली पुतळा म्हणजे एकच जाड लाकडी खांब होता, चौकोनी पाटात ठोकलेला. घोळ पलीकडे न्यायला वाटच नव्हती.

“अगं कालिंदी, हिला पाय कुठायत?”

कालिंदी देवस्थळी पदर दोन्ही हातांवर तोलून मागे उभी होती. तिने खांबाकडे पाहिले, मग दालनातल्या बाकीच्या पुतळ्यांकडे.

“बाकीच्यांनाही नाहीयेत,” ती म्हणाली.

“बाकीच्यांना लागत नाहीत.”

ते खरे होते. ढाक्याची जामदानी, ओरिसाची रेशमी साडी, मारवाडी घागरा, काश्मिरी फिरन, सगळे खांबावर नीट उभे होते. भारतीय वस्त्रांच्या या प्रदर्शनासाठी सगळे पुतळे एकाच नमुन्यावरून करून घेतले होते आणि तो नमुना पसंत झाला तेव्हा कालिंदीही त्या टेबलाशी बसलेली होती. रोज सकाळी आत्याला नऊवारी नेसताना पाहत ती मोठी झाली होती. तरी तिला पाय सुचले नव्हते. ती स्वतः पाचवारी नेसे, आणि सरस्वतीपूजेला बंगाली पद्धतीने.

“कलकत्त्यात वाढलेल्या पोरी तुम्ही,” शैलावहिनी कंबर धरून सरळ होत म्हणाल्या. “मासे निवडता येतात, काष्टा घालता येत नाही.”

प्रदर्शनाची जबाबदारी सान्यालबाबूंकडे होती. पुतळ्याभोवती अर्धवट गुंडाळलेली पैठणी पाहून ते आले. कालिंदीने अडचण सांगितली. त्यांनी खांब वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

“मिस देबोस्थोली, आडवी ठेवू. सपाट पेटीत, पदरावरचे मोर वर येतील अशी. सुंदर दिसेल.”

आडनावाचा उच्चार सुधारणे तिने केव्हाच सोडून दिले होते.

“मग ते कापड होईल, सर. नेसलेलं दिसणार नाही.”

“परवा संध्याकाळी उद्घाटन आहे. उद्या दुपारपर्यंत हिला पाय फुटले तर उभी करू. नाहीतर आडवी.”

ते रागावून बोलले नाहीत. त्यांना आणखी तीन पेट्यांच्या काचा बसवायच्या होत्या. पण कालिंदीच्या हातातला पदर खाली आला. चौरंगीवरच्या या कलासंस्थेत ती पत्रे टंकायला लागली होती. महाराष्ट्राचा पुतळा मी उभा करते, असे तिने आपण होऊन म्हटले होते, आणि सान्यालबाबूंनी मान डोलावली होती. पैठणीसाठी तिने मराठी मंडळातली घरे पालथी घातली. शेवटी बालीगंजच्या शैलावहिनी तयार झाल्या, तेही एका अटीवर. ती अट त्यांनी आता पुन्हा ऐकवली.

“हे बघ, माघात आमच्या लीनाचं लग्न आहे. तिला हीच नेसायचीय. तू पाय बसव, हात बसव, काय हवं ते कर. पण नेसवताना हात सवाशिणीचा लागला पाहिजे. म्हणून तर मी स्वतः आले.”

“हो, वहिनी.”

“उद्या पुन्हा येते. यांचं जेवण उरकून.”

*

बहूबाजारात चिनी सुतारांची दुकाने ओळीने होती. संस्थेच्या चौकटी आणि पुतळे लियाँग मिस्त्रीच्या दुकानात होत. तो एका कपाटाला पॉलिश करत होता. कालिंदीचे बोलणे संपेपर्यंत त्याचा बोळा थांबला नाही.

“टेबल का पैर बहुत बनाया,” तो म्हणाला. “पियानो का भी बनाया. औरत का पहली बार.”

“कल सुबह तक?”

“बनेगा. लेकिन कपडा किधर से जाता है, दिखाओ. मोटा बनाऊँ, पतला बनाऊँ, बीच में कितना जगह, कैसे मालूम?”

कालिंदीने हवेत हात फिरवून दाखवायला सुरुवात केली. कापड पुढून जाते, खालून जाते, मागे खोचले जाते. लियाँगने बोळा खाली ठेवला आणि गंभीरपणे तिच्या हातांकडे पाहिले. त्याला काही समजले नाही. तिलाही समजले की आपल्यालाच नीट ठाऊक नाही.

भवानीपूरच्या घरी आत्या मटार सोलत बसली होती. हकिकत ऐकताना तिचे खांदे हलायला लागले. हसू आले की ती तोंडाला पदर लावत असे.

“म्हणजे एका पायाची बाई उभी केलीत होय रे देवा!”

“आत्या, हसू नकोस. मला नेसव. मी तशीच जाऊन त्या मिस्त्रीला दाखवते.”

“आता?”

“आत्ता. तुझंच एखादं दे.”

“माझं नको.” आत्या उठली. “तुझ्या आईचं काढते.”

आत्याची लुगडी पांढरी, बिनकाठाची असत. पंधराव्या वर्षी कुंकू पुसले गेल्यावर ती कलकत्त्याला थोरल्या भावाकडे, कालिंदीचे वडील श्यामराव यांच्याकडे आली. पुढे वहिनी गेली, आणि विमल नि कालिंदी या दोन पोरी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढल्या. त्यांच्या वेण्या, त्यांचे डबे, त्यांचे ताप, सगळे तिने काढले. विमलच्या लग्नात नवरीला नेसवायची वेळ आली तेव्हा मात्र ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. आत मंडळातल्या तिघी सवाशिणी अडल्या होत्या. दाराआडून आत्याचा आवाज येत होता: डावी निरी सोडा, आता काठ जुळवा, आता ओढा. विमल नीट नेसून बाहेर आली. तिच्या वाटेत यायला नको म्हणून आत्या तोवर स्वयंपाकघरात गेली होती. कालिंदी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला त्यात काही वावगे वाटले नव्हते. कोणालाच वाटले नव्हते.

आत्याने ट्रंकेतून इरकली लुगडे काढले, झटकले, आणि कालिंदीला उजेडात उभे केले.

“पाय जरा लांब ठेव. एवढे जुळवून उभी राहिलीस तर मी हात घालू कुठून?”

तिची बोटे भरभर चालली. कंबरेला गाठ बसली, निऱ्या पडल्या, आणि मागे काष्टा खोचला गेला तेव्हा कालिंदीला आपण जमिनीवर घट्ट रोवल्यासारखे वाटले.

“चालून दाखव.”

ती चालली. पावले आपोआप मोठी पडत होती.

“आईसारखी दिसतेस,” आत्या म्हणाली आणि मटाराची परात घेऊन आत गेली.

ट्रामच्या कंडक्टरने तिच्याकडे दोनदा पाहिले. बहूबाजारात शेजारच्या दुकानांतले दोघे सुतार दारात आले. लियाँगने त्यांना हाकलले, तिला लाकडी खोक्यावर उभे केले, आणि हातात मोजपट्टी घेऊन लांबूनच तिच्याभोवती फिरला. मागच्या बाजूला तो बराच वेळ थांबला.

“अच्छा दुकान पीछे है,” तो म्हणाला. “सामने सिर्फ दरवाजा.”

*

सकाळी हातगाडीवरून पाय आले आणि लियाँगने खांब काढून ते पुतळ्याला बसवले. शिसवी रंगाचे, पोटऱ्यांना किंचित फुगीर, एक पाऊल दुसऱ्याच्या थोडे पुढे. पावलांना दहाही बोटे कोरलेली होती. ती कोणी सांगितली नव्हती. पैठणीखालून त्यांची टोके तेवढी दिसणार होती.

कालिंदीने आत्यालाही बरोबर आणले होते. शैलावहिनी कुठे अडल्या तर तोंडाने सांगायला, असे तिने तिला पटवले होते. दालनाच्या त्या कोपऱ्यावर काम चालू असताना जाड पडदा ओढलेला असे. आत्याने पडद्याबाहेरच स्टूल मागितले आणि त्यावर पाय जुळवून बसली.

शैलावहिनी आल्या. त्यांनी आत्याला पाहिले.

“आत्याबाई, तुम्ही कशाला दगदग केलीत?”

“नुसती बसलेय. तुम्ही करा.”

शैलावहिनी आत गेल्या. नऊवारी त्यांनीही एके काळी नेसली होती, पण कलकत्त्याला आल्यापासून पाचवारीच. पहिला वेढा झाला. गाठ मारली. निऱ्या घालता घालता गाठ सरकली आणि सगळी पैठणी लाकडावरून घसरून खाली ढीग होऊन पडली.

“गाठ आवळा,” बाहेरून आत्या म्हणाली.

“आवळलीय हो!”

“परत घ्या. वेढा जरा वरून.”

पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेला काष्ट्यापर्यंत गाडी गेली, पण पुतळ्याने पोटाशी गाठोडे बांधल्यासारखे दिसू लागले. शैलावहिनींच्या कपाळावर घाम आला. जानेवारी होता.

“माझ्या लग्नात मला नेसवणारी माझी मामी,” त्या जरा वैतागून म्हणाल्या. “मी नुसती उभी होते. आता ती येणार का नाशकाहून?”

त्यांनी घड्याळ पाहिले. पैठणी कालिंदीच्या हातांवर नीट घडी करून ठेवली. मग पडद्याकडे पाहिले. पडद्याखालून आत्याची पावले दिसत होती. शैलावहिनी पर्स उचलून गेल्या.

लांब कुठे तरी काच बसवणारे एकमेकांना ओरडून काही सांगत होते. कालिंदीने पडदा बाजूला केला.

“आत्या.”

“मी नाही.”

“दुपारी सान्यालबाबू येतील. ते आडवी ठेवतील.”

“ठेवू दे. आडवी ठेवली म्हणून पैठणी मरत नाही.”

“मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाहीये.”

आत्या पुतळ्याकडे पाहत होती. “लीनाच्या लग्नाची आहे ती. उद्या काही उणंअधिक झालं तर?”

“वहिनींनी विचारलं तर मी खरं सांगेन. लपवणार नाही.”

“ते तर त्याहून वाईट.”

पैठणी हातांवर घेऊन कालिंदी तशीच उभी राहिली. तिचे हात भरून आले तरी तिने ती खाली ठेवली नाही. बऱ्याच वेळाने आत्या स्टुलावरून उठली, पुतळ्याजवळ आली, आणि दार वाजवावे तसे तिने एका पायावर बोटाच्या पेराने टकटक केले.

“साग आहे,” ती म्हणाली. मग, “हिचं काही लग्न व्हायचं नाही.”

तिने हात पदराला पुसले. दोनदा पुसले.

पहिली गाठ तिचीही सरकली. तिने मान वर करून पुतळ्याकडे रागाने पाहिले.

“हिला कंबर आहे, पोट नाही. गाठ धरणार कशाला?”

पेट्यांना आतून लावायची जाड लोकरी हिरवी बनात कोपऱ्यात पडलेली होती. कालिंदीने तिची लांब पट्टी कापली. दोघींनी मिळून ती पुतळ्याच्या कंबरेला गुंडाळली आणि टाके घातले. आत्याने वरून दाबून पाहिले.

“आता बाई झाली.”

विमलच्या लग्नात जे शब्द दाराआडून आले होते ते आता तिच्या हातात होते. जरीचा काठ दोन बोटांत धरताना तिचा हात पहिल्यांदा थबकला. पुढे थबकला नाही. निऱ्या एकीवर एक बसत गेल्या. घोळ दोन पायांमधून मागे गेला, काठ उलगडून वर खोचला, पोटऱ्यांवर जरीचे काठ तिरके येऊन थांबले. आत्याने मागे जाऊन मान कलती केली, पुढे येऊन एक चुणी सारखी केली, पुन्हा मागे गेली. एकही टाचणी लागली नाही. पदर खांद्यावर टाकून झाल्यावर तिने त्यावरचे मोर तळव्याने एकदा सपाट केले. तळवा तिथून लवकर निघाला नाही.

सान्यालबाबू आले तेव्हा ती पुन्हा पडद्याबाहेर स्टुलावर जाऊन बसली होती. ते पुतळ्यासमोर उभे राहिले, मग बाजूने गेले, मग भिंत आणि पुतळा यांच्यामधल्या फटीत शिरायचा प्रयत्न करू लागले.

“ही भिंतीला पाठ लावून का उभी आहे? हिला मध्ये आणा. लोकांना फेरी मारता आली पाहिजे.”

चौघांनी मिळून पाट सरकवला. कोणी नेसवली ते कालिंदीकडून कळल्यावर सान्यालबाबू बाहेर आले आणि स्टुलापाशी थांबले. आपल्या आत्याला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

“पिशीमा, खूप उपकार झाले.” आणि वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला.

आत्याला बंगाली चांगले येत होते. पण ते त्या वेळी आठवले नसावे. “असू दे, असू दे,” ती मराठीतच म्हणाली.

घरी जाताना ट्राममध्ये तिने एकच प्रश्न विचारला.

“तो मिस्त्री गोड खातो का गं?”

त्या संध्याकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा बहूबाजारात गेला. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्यात संत्री होती. रिकामा डबा परत पाठवायचा नाही हे तिकडेही कळते, याचा आत्याला फार आनंद झाला. तिने ते शेजारणीला दोनदा सांगितले.

*

उद्घाटनाला शैलावहिनी आल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि बरोबर मंडळातल्या दोघी होत्या. दालनात गर्दी होती. मधल्या पुतळ्याभोवती लोक फिरत होते आणि बहुतेक जण मागे जाऊन थांबत होते. शैलावहिनीही मागे गेल्या. बराच वेळ त्या काष्ट्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कालिंदीला बाजूला बोलावले.

“कोणी नेसवली?”

“आत्यानं.”

“हं.”

त्यांचा चेहरा बदलला नाही. बरोबरच्या दोघींना त्या “चला” म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या.

पैठणी परत मागतील, उद्याच मागतील, असे कालिंदीला वाटत राहिले. टेलिफोन वाजला की ती टंकताना थांबे. वहिनींचा फोन आला नाही. वर्तमानपत्रात पुतळ्याचा फोटो आला, पाठमोरा. कालिंदीने तो आत्याला दाखवला. आत्याने चष्मा लावून पाहिला आणि डावीकडची एक निरी थोडी ढिली राहिली होती एवढेच म्हणाली. शैलावहिनींचे काय झाले ते तिने विचारले नाही. रात्री देवापुढे मात्र ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसू लागली. लीनाचे नाव कालिंदीला एकदा ऐकू आले.

प्रदर्शन संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी दालन बंद ठेवून आवराआवर सुरू झाली. पैठणी उतरवून घडीवर घडी बसवायला आत्या आली होती. पडदा ओढून कालिंदीने काष्टा सोडवायला हात घातला तोच बाहेर चपला वाजल्या.

शैलावहिनी पडदा सारून आत आल्या. मागे लीना होती, हातात पुस्तके, खांद्यावर एक वेणी. कॉलेजातून तिला परस्पर आणलेले दिसत होते.

आत्या चटकन दोन पावले मागे सरली. तिने पदर सारखा केला.

“आम्ही घडी करून पोचतीच केली असती, वहिनी,” कालिंदी म्हणाली. “एकही डाग नाहीये. हवं तर बघा.”

“डाग कशाला बघू?” शैलावहिनींचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “घडी करू नका. घरी नेऊन परत मोडायचीच आहे ना. म्हटलं, हिला इथेच एकदा नेसवून बघावी. लांबीला पुरते का ते कळेल.”

“आई, एटा केवढी जड आहे!” लीना अर्ध्या बंगाली मराठीत म्हणाली आणि तिने पुतळ्याचा पदर उचलून पाहिला. “मी ह्यात हाटणार कशी?”

“हाटणार नाही, चालणार म्हण. सासरी हसतील.”

“सासर बर्धमानला आहे आई. ते हाटणारच म्हणतात.”

कालिंदीला हसू आले. आत्याला आले नाही. ती शैलावहिनींकडे पाहत होती.

“मग तुम्ही या पुढे,” आत्या म्हणाली. “मी बाहेर बसून सांगते.”

“मला जमत नाही ते तुम्ही पाहिलंय.” शैलावहिनींनी लीनाच्या हातातली पुस्तके घेतली. “लग्नाच्या दिवशी ऐन वेळी फजिती नको. कुणाचा तरी हात आधीपासून बसलेला असला म्हणजे बरं.”

एवढे बोलून त्या वळल्या, पडद्याबाहेर गेल्या, आणि स्टुलावर बसल्या. पडदा त्यांनी स्वतःच नीट ओढून घेतला. खाली त्यांच्या चपला दिसत होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

मग आत्याने पुतळ्याची पैठणी उतरवायला घेतली. काष्टा सुटला, निऱ्या सुटल्या, गाठ सुटली. हिरवी बनात गुंडाळलेली कंबर आणि दहा बोटांचे ते दोन पाय उघडे पडले. लीना त्यांच्याकडे पाहून खुदकन हसली आणि त्यांच्या शेजारी तशीच एक पाऊल पुढे टाकून उभी राहिली.

आत्याने लीनाच्या कंबरेभोवती वेढा घेतला. बनातीच्या पट्टीकडे सवयीने गेलेला हात तिने मागे घेतला, गाठ मारली, आणि बोट घालून ओढून पाहिली. ती हलली नाही.

“लांबीला पुरते का हो?” बाहेरून शैलावहिनींनी विचारले.

आत्याने काठ लीनाच्या घोट्यापर्यंत धरून पाहिला.

“पुरते,” ती म्हणाली. मग लीनाला, जरा खालच्या आवाजात, “पाय अजून थोडे लांब ठेव, बाळ.”